गाइड म्हणतात व्हरांडे काप. नागपुरात युनिव्हर्सिटीची अकॅडमिक बिल्डिंग काढताना सर्क्युलेशन किती ठेवायचं?

पेन्सिल_एचबी

नमस्कार. बी.आर्क. पाचवं वर्ष, थिसिस सुरू आहे, आणि गेले दहा दिवस एकाच शीटवर अडकून बसले आहे म्हणून इथे विचारते. विषय आहे युनिव्हर्सिटीची अकॅडमिक बिल्डिंग. साइट धरली आहे वर्धा रोडकडे, शहर संपतं तिथली, सपाट काळी जमीन आणि मधोमध चार जुने कडुनिंब. २४ वर्गखोल्या, ६ लॅब, फॅकल्टी रूम, २०० जणांचा सेमिनार हॉल, तळमजला अधिक तीन. दोन लांब विंग पूर्व-पश्चिम टाकल्या, एकेक ५२ मीटर, मधे ९ मीटरचं अंगण, निंब त्या अंगणात, आणि दोन्ही विंगना अंगणाकडून ३ मीटरचा व्हरांडा. सगळ्या खोल्या एकेरी, म्हणजे एका अंगाला व्हरांडा आणि दुसऱ्या अंगाला बाहेरची खिडकी.

गाइड सरांनी शीट पाहिली, मोजली आणि म्हणाले सर्क्युलेशन, म्हणजे येण्याजाण्याची जागा, ३८ टक्के निघतंय, शंभरातले अडतीस रुपये तू पोरांच्या चालण्यावर घालवतेस, ज्यूरी, म्हणजे थिसिस तपासणारे परीक्षक, उभं करणार नाहीत, मधे कॉरिडॉर घे आणि दोन्हीकडे खोल्या लाव. सरांचं गणित चूक नाही, मी घरी येऊन परत केलं. एक वर्ग ८ बाय ८.२५, म्हणजे ६६ चौरस मीटर, त्याच्यासमोर ३ मीटरचा व्हरांडा म्हणजे पावणेपंचवीस, नुसतं इतकंच धरलं तरी २७ टक्के होतात. तोच ३ मीटर मधे घेऊन दोन्हीकडे वर्ग लावले की १६ वर येतं. बाकी जिने, लॉबी, टॉयलेटसमोरची जागा, दोन विंग जोडणारे पूल असं करत करत ३८.

पण मला ते कापवत नाही आणि त्याचं कारण सांगते. दुसऱ्या वर्षाची उन्हाळी परीक्षा आम्ही ज्या बिल्डिंगमधे दिली ती अशीच होती, मधे कॉरिडॉर आणि दोन्हीकडे खोल्या, आमची खोली तिसऱ्या मजल्यावर पश्चिमेची. मे महिना. कूलर होता पण खिडक्या बंद, त्यामुळे तासाभरात आत नुसता ओला वास आणि दमट हवा, मनगटाखाली उत्तरपत्रिका चिकटायची, शाई पसरू नये म्हणून मी हाताखाली रुमाल घेऊन लिहिलं. मधेच लाइन गेली तर कॉरिडॉरमधे दिवसाढवळ्या अंधार, मोबाइलचा टॉर्च लावून सुपरवायझर पुरवण्या वाटत होते. आणि पेपर सुटल्यावर सगळे जण बिल्डिंगमधून पळाले, कोणी थांबलं नाही, कारण थांबायला जागाच नव्हती. पेपर कसा गेला हे आम्ही पार्किंगच्या पत्र्याखाली उभं राहून एकमेकींना विचारलं. तेव्हाच ठरवलं होतं की मी बिल्डिंग काढीन तर पोरं पेपर सुटल्यावर थांबतील अशी काढीन.

तर विचारायचं असं की व्हरांडा ठेवावा का, ठेवला तर कुठल्या बाजूला बरोबर, ९ मीटरचं अंगण पुरतं का, आणि ज्यूरीपुढे हे नुसतं मला वाटतं म्हणून नाही तर हिशोबाने कसं मांडू. ज्यांनी प्रत्यक्ष बांधलंय, शिकवलंय, वापरलंय त्यांनी कृपया लिहा.

मुरूम_आणि_माती

ताई, मी साइटवरचा माणूस, वीस वर्षं झाली, डिझाइनमधलं जास्त बोलणार नाही पण पैशाचं बोलतो. व्हरांड्याचा चौरस मीटर आणि वर्गाचा चौरस मीटर एका भावात पडत नाही. व्हरांड्याला बाहेरची भिंत नाही, खिडकी नाही, वायरिंग नावापुरतं, पंखा नाही. तुझे सर ३८ टक्के म्हणतात ते एरियाचे आहेत, खर्चाचे नाहीत, एस्टिमेट काढून खर्चाचा टक्का वेगळा दाखव, तो नक्की खाली येईल.

आता जे मी स्वतः पाहिलंय ते सांगतो. काळ्या मातीत व्हरांड्याचे कॉलम हलके आहेत म्हणून फाउंडेशन वर वर उरकतात. पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात आकसते, मेन बिल्डिंग खाली मुरमावर बसलेली असते ती हलत नाही आणि व्हरांडा दरवर्षी वरखाली होतो. एका कॉलेजच्या कामावर तिसऱ्याच वर्षी व्हरांडा बिल्डिंगपासून असा सुटला होता की फटीत माझं बोट जात होतं, पोरं त्यात चहाचे कप खोचून ठेवायची. म्हणून व्हरांड्याचे कॉलम पण त्याच खोलीला ने, मुरूम लागेपर्यंत, नाहीतर अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे तळाशी फुगवटा असलेला खोल खांब, घे आणि सेक्शनमधे, म्हणजे उभ्या छेदाच्या ड्रॉइंगमधे, तसं काढ. काळी जमीन लिहिलीस आणि फाउंडेशन नाही दाखवलं तर ज्यूरीतला स्ट्रक्चरवाला पहिला तेच विचारेल. दुसरं, ५२ मीटरची विंग सलग नको, काँक्रीटच्या कोडमधे, आय.एस. ४५६ मधे, ४५ मीटरच्या वर एक्स्पान्शन जॉइंट, म्हणजे फुगायला-आकसायला सोडलेली फट, सांगितलाय, आणि तो जॉइंट वर्गाच्या मधून नको काढू, जिन्याजवळ घे.

फरशी कोटा घेत असशील तर व्हरांड्यात पॉलिश नको करू. झड लागली की चार चार दिवस व्हरांडा ओला राहतो आणि पॉलिशवर पोरगं घसरलंच म्हणून समज. रफ ठेव, बाहेरच्या बाजूला मीटरला एक सेंटिमीटर उतार दे, आणि व्हरांडा वर्गापेक्षा अर्धा इंच तरी खाली घे.

लॅब_नंबर_चार

मी कॉम्प्युटर शिकवतो आणि माझं मत जरा उलटं आहे, ते पण ऐकून घे. तुझे सर म्हणतात ती कॉम्पॅक्ट बिल्डिंग काही मूर्खपणा नाही. खोल्या पाठीला पाठ लावल्या की बाहेरच्या भिंती कमी, उन्हात तापणारा भाग कमी, आणि एसी लावायचा असेल तर तेच बरोबर आहे. एकेरी खोलीला दोन्ही बाजू उघड्या, फटीफटीतून गार हवा जाते आणि बिल येतं ते वेगळंच. आमच्या लॅबमधे ६० मशिन आहेत, त्यांचीच गरमी इतकी की डिसेंबरात पण एसी लागतो, शिवाय खिडकी उघडी ठेवली की की-बोर्डवर धुळीचा थर. आज ना उद्या सगळे वर्ग एसी होणार, मग व्हरांड्याला तोंड करून बसलेल्या खिडक्या लोक प्लायवूड ठोकून बंद करतात, हे मी डोळ्याने पाहिलंय. तुझी बिल्डिंग पन्नास वर्षं टिकणार, त्याचा विचार कर.

दुपारचं_ऊन

प्रॅक्टिस करते, धरमपेठेत ऑफिस आहे, शाळा-कॉलेजची कामं बरीच केली. लॅब नंबर चार सरांचा मुद्दा खरा आहे, पण तो लॅबसाठी खरा आहे, सगळ्या बिल्डिंगसाठी नाही. त्यामुळे ताई तू दोन्ही घे. ज्या जागा एसीशिवाय चालणारच नाहीत, म्हणजे कॉम्प्युटर लॅब, सेमिनार हॉल, सर्व्हर, त्यांचा एक वेगळा घट्ट ब्लॉक कर, तिथे मधे कॉरिडॉर आणि दोन्हीकडे खोल्या खुशाल लाव. वर्ग मात्र एकेरीच ठेव. इथेच तुझे चार-पाच टक्के खाली येतात आणि सरांचं पण ऐकल्यासारखं होतं.

वर्ग एकेरी काहून, ते उजेडावरून सांग. खिडकीच्या डोक्याची उंची जितकी, साधारण तिच्या दोन ते अडीच पट आतपर्यंत कामाचा उजेड पोचतो. लिंटेल, म्हणजे खिडकीच्या डोक्यावरची तुळई, २.१ मीटरला धरलं तर पाच मीटरच्या आसपास. तुझा वर्ग ८ मीटर खोल आहे, म्हणजे एकाच बाजूने खिडकी असली तर मागच्या दोन रांगांना दिवसभर ट्यूब लागणार. दोन्हीकडून उजेड आला की नाही लागत. हवेचं तेच, येणारी हवा जायला वाट पाहिजे. तुझ्या परीक्षेच्या खोलीतला कूलर चालत होता पण हवा बाहेर निघत नव्हती म्हणून तू ओलीचिंब झालीस, कूलर पाणी घालून हवा गार करतो, ती ओली हवा समोरच्या खिडकीतून बाहेर गेलीच पाहिजे नाहीतर तो खोलीत नुसती वाफ साठवतो. जुलैत तर तो तसाही काम करत नाही, तेव्हा पंखा आणि आरपार खिडक्या एवढंच हातात असतं.

आता बाजू. नागपूर २१ अंशांवर आहे. २६ मेच्या सुमारास, नवतपा लागतो तेव्हा, दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि काठीची सावली पडत नाही, तसंच परत जुलैच्या मध्यात. या दोन तारखांच्या मधे दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो, म्हणून उत्तरेला ऊन येतच नाही हे वाक्य ज्यूरीसमोर बोलू नकोस. दक्षिण बाजू आपल्याकडे सगळ्यात सोपी. दीड मीटर उंच खिडकीवर ६० सेंटिमीटरचा छज्जा दिलास तर २१ मार्चपासून २३ सप्टेंबरपर्यंत दुपारचं ऊन काचेला लागत नाही. पश्चिमेला हाच हिशोब कर. मेमधे साडेचारला सूर्य ३० अंशांवर उतरलेला आणि जवळजवळ समोर, तीच दीड मीटरची खिडकी झाकायला अडीच मीटरच्या वर छज्जा लागेल. तेवढा कोणी काढत नाही. म्हणून पश्चिमेला वर्ग ठेवायचाच नाही, तिथे जिना, टॉयलेट, स्टोअर, पाइपांचे डक्ट लाव, ते तापले तर तापू दे, त्यांच्या मागे वर्ग सुरक्षित राहतात.

आणि तुझ्या अंगणाबद्दल मला खूप बोलायचं आहे, कारण नकळत तू चांगली गोष्ट केली आहेस. दोन्ही व्हरांडे अंगणाकडे आहेत, म्हणजे उत्तरेच्या विंगचा व्हरांडा दक्षिणेला तोंड करून आणि दक्षिणेच्या विंगचा उत्तरेला. उत्तरेकडे बघणारा व्हरांडा एप्रिल-मेमधे जवळजवळ दिवसभर सावलीत, पोरं तिथे बसतील. दक्षिणेकडे बघणारा डिसेंबर-जानेवारीत कोवळ्या उन्हात, तेव्हा सगळे तिकडे सरकतील. एकाच अंगणात दोन ऋतूंच्या दोन बैठकी. हे तू शीटवर लिहिलंच नाहीस, तिथे नुसतं "कॉरिडॉर ३.०० मी." असं लिहिलं असशील, म्हणून सरांना ती चालायची जागा वाटली. बाक काढ, माणसं काढ, उन्हाची रेघ काढ.

पण ९ मीटर कमी आहे. डिसेंबरात दुपारचा सूर्य साधारण ४५ अंशांवर असतो, म्हणजे जितकी उंच भिंत तितकी लांब सावली. तुझी दक्षिणेची विंग गच्चीचा कठडा धरून १५ मीटरच्या थोडी वर जाईल. ९ मीटरच्या अंगणात तिची सावली समोरच्या विंगवर सहा मीटरच्या वरपर्यंत चढते, तळमजला आणि जवळपास अख्खा पहिला मजला ऐन थंडीत सावलीत. १५ मीटर केलंस तर ऊन तळमजल्यापर्यंत उतरतं. आणि चार जुन्या निंबांची मुळं ९ मीटरमधे दोन्हीकडच्या फुटिंगमधे येणार, ती झाडं बांधकामातच मरतील. तेवढ्यासाठी तरी रुंद कर.

ज्यूरीला उदाहरणं लागतात तर विचार करून दे, नुसती नावं नको टाकू. अहमदाबादचं आय.आय.एम. लुई कान यांचं, तिथे वर्गांना जोडणाऱ्या खोल सावलीच्या विटांच्या जागा आहेत आणि अहमदाबादचं ऊन आपल्यासारखंच आहे, ते चालेल. आय.आय.टी. कानपूर आपल्या अच्युत कानविंद्यांचं, कोकणातल्या आचऱ्याचा माणूस, त्यांनी १९६० च्या दशकात लू चालते अशा गावात गाड्यांचा रस्ता आणि पायी चालणाऱ्यांचे झाकलेले मार्ग वेगळे केले, विभाग त्या मार्गांनी जोडले. पुण्यात चार्ल्स कोरियांची आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आहे, काळ्या बेसॉल्टच्या भिंती आणि मधे कुंड, ती जाऊन बघून ये, फोटोवरून ती समजत नाही. पण बाळकृष्ण दोशींचं बंगलोरचं आय.आय.एम. मात्र जपून वापर. तिथले उंच दगडी कॉरिडॉर आणि वर पर्गोला फार सुंदर आहेत, पण बंगलोरची हवा वेगळी. इथे मेमधे ऊन सरळ डोक्यावरून येतं, पर्गोलाच्या पट्ट्यांमधून ते तसंच्या तसं खाली पडेल. आपल्याला वर पूर्ण छप्पर पाहिजे. शेजारचंच बघायचं तर हायकोर्टाची बिल्डिंग आहे, हेन्री मेड यांची, १९४० मधे वापरात आली, वाळूच्या दगडाला मागून वीट आणि शहाबादी फरशीचे कॉरिडॉर. कामाच्या दिवशी दुपारी तिथे कोण कुठे उभं असतं ते अर्धा तास बघ. लोक आपोआप सावलीच्या कमानीत असतात.

छताचं विसरू नकोस. सूर्य डोक्यावर म्हणजे सगळ्यात जास्त मार छताला, तिसऱ्या मजल्याचे वर्ग त्यामुळेच भाजतात. ब्रिक बॅट कोब्यावर, म्हणजे विटांच्या तुकड्यांच्या थरावर, पांढरं चायना मोझॅक, म्हणजे चिनीमातीच्या फरशीचे तुकडे, आणि शक्य तिथे वर सोलर पॅनल उभे कर, वीजही मिळते आणि स्लॅबला सावली पण.

भौतिकशास्त्र_मॅडम

बाळा, मी ३४ वर्षं शिकवून निवृत्त झाले, त्यातली निम्मी वर्षं व्हरांड्याच्या जुन्या बिल्डिंगमधे आणि निम्मी नव्या बंद बिल्डिंगमधे. व्हरांडा ठेवच, पण त्याचा एक त्रास आहे आणि तो इथे अजून कोणी सांगितला नाही. आवाज. बाहेर दहा जण हसत गेले की आतली साठ डोकी एकदम तिकडे वळतात. मी कितीदा खडू ठेवून दाराशी जाऊन उभी राहिले आहे. तू वर बाक काढायला घेतलेस तर ते वर्गाच्या खिडकीखाली काढू नको, बाहेरच्या कठड्याला लावून काढ, आणि व्हरांड्याकडची खिडकी डोक्याच्या वर घे, दीड मीटरपासून वर. उजेड-हवा येते, बाहेरचे चेहरे दिसत नाहीत. दार भिंतीच्या रेषेत न ठेवता थोडं आत ओढ म्हणजे वाट बघणारी मुलं त्या कोनाड्यात उभी राहतात, रस्त्यात नाही.

दुसरं, वर्गाच्या आतला आवाज. नव्या बिल्डिंगमधे पहिल्या दिवशी रिकाम्या वर्गात मी टाळी वाजवली आणि ती टाळी विरेपर्यंत उभी राहिले, इतका वेळ लागला. प्लास्टर, कोटा, काच, सगळं कडक, आवाज शोषणारं काहीच नाही. सेबाइनचं सूत्र सोपं आहे, खोलीच्या घनफळाला ०.१६१ ने गुणायचं आणि खोलीतल्या एकूण शोषणाने भागायचं, की आवाज विरायला लागणारे सेकंद मिळतात. तुझा ६६ चौरस मीटरचा वर्ग ३.६ मीटर उंच धरला तर घनफळ २३८. रिकाम्या खोलीचं शोषण जेमतेम साडेसात, म्हणजे आवाज विरायला पाच सेकंद. साठ मुलं बसली की सव्वा सेकंदाच्या आसपास येतं, पण शिकवायला पाऊण सेकंदाच्या आत हवं. राहिलेलं शोषण छताच्या निम्म्या भागाला वूडवूलचे, म्हणजे लाकडाच्या बारीक तंतूंचे, किंवा तसले पॅनल लावून मिळतं, मागच्या भिंतीला सॉफ्ट बोर्ड लावलास तर आणखी बरं. खर्च फार नाही. नाहीतर मास्तर ओरडून शिकवतो आणि पंचेचाळिशीत त्याचा घसा जातो, माझा गेला.

चाकावरची_वारी

मी एम.ए. केलं, व्हीलचेअरवर. तुम्ही सगळे जिना, व्हरांडा, अंगण बोलताय आणि मला आनंद होतोय, कारण सलग व्हरांडा माझ्यासाठी सगळ्यात चांगली जागा आहे. लिफ्टसमोरची लॉबी नाही, व्हरांडा. तिथे मी कोणाला मधे न येता थांबू शकते, आणि येणारी-जाणारी माणसं आपसूक माझ्याशी बोलतात.

पण रॅम्प प्लॅनच्या शेवटी उरलेल्या जागेत चिकटवू नकोस. माझ्या कॉलेजात तो पश्चिमेला होता, वर छप्पर नाही, कठडा स्टेनलेस स्टीलचा. एप्रिलमधे दुपारी दोनला लेक्चरला जाताना त्या कठड्याला हात लावता यायचा नाही. मी ओढणी हाताला गुंडाळून जायची. चाकाची रिम पण तापायची. नियमाप्रमाणे रॅम्प अगदी बरोबर होता, १ ला १२ उतार, मापात काही चूक नव्हती, कागदावर कोणी नाव ठेवलं नसतं. तुझं जोतं ९० सेंटिमीटर असेल तर उतारच १०.८ मीटर लांब होतो आणि मधे सपाट थांबा लागतो, एवढी लांबी उन्हात चढायची नाही गं. तो व्हरांड्याच्या छपराखाली घे, उत्तरेकडे बघणाऱ्या व्हरांड्याच्या तोंडाशी, आणि मुख्य दरवाजा तोच ठेव. सगळे जिथून येतात तिथूनच मला यायचं आहे.

आणि मुरूम आणि माती दादांनी सांगितलेला तो अर्धा इंच. दादा, तो अर्धा इंच माझ्या पुढच्या लहान चाकाला अडतो. दरवाज्याशी त्याला छोटा उतार करून द्या.

मुरूम_आणि_माती

बरोबर आहे ताई, हे माझ्या ध्यानातच नाही आलं. दाराशी चॅम्फर, म्हणजे कडेला तिरका काप, करून देता येतो, काही कठीण नाही, इथून पुढे माझ्या सगळ्या साइटवर करीन.

पेन्सिल ताई, कूलरबद्दल एक राहिलं. आपल्याकडे बिल्डिंग झाल्यावर दोन वर्षांत प्रत्येक खिडकीत अँगलचा स्टँड ठोकून कूलर लटकतो. खिडकी गेली, उजेड गेला, पाइप वरून लोंबतो, आणि गळून गळून भिंतीवर हिरवे ओघळ. तू आधीच सोय कर ना. खिडकीच्या बाजूला कूलरसाठी वेगळी जागा, खाली बाहेर काढलेला छोटा स्लॅब, तिथेच नळ आणि पाणी जायला पाइप. कूलरच्या ताट्या बदलायला माणूस बाहेरून उभा राहू शकला पाहिजे, नाहीतर कोणी बदलत नाही आणि मग मच्छर होतात. हे मी आजपर्यंत एकाही ड्रॉइंगवर पाहिलं नाही.

जिन्याचं पण बघून घे. वरच्या तीन मजल्यांवर १८ वर्ग असतील तर तास सुटल्यावर हजाराच्या वर पोरं एकदम उतरतात. बांधकामाच्या कोडमधे शिक्षणाच्या बिल्डिंगला जिना कमीत कमी दीड मीटर आहे, मी म्हणतो दोन घे. आणि कुठल्याही वर्गापासून जिना ३० मीटरच्या आत.

लॅब_नंबर_चार

दुपारचं ऊन मॅडमचा वेगळ्या ब्लॉकचा मुद्दा मला पटला. फक्त एक करा, तो ब्लॉक लांब टेकवून देऊ नका. मुलं लॅबमधून बाहेर येतात तेव्हा त्यांचे डोळे स्क्रीनने थकलेले असतात, त्यांना पण तो निंब दिसू दे. दार व्हरांड्यातच उघडलं पाहिजे.

पेन्सिल_एचबी

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. आठ दिवस उत्तर दिलं नाही कारण सगळं परत काढत होते.

दुपारचं ऊन मॅडमनी सूर्याचं सांगितलं ते आधी सॉफ्टवेअरमधे बघितलं पण मन भरेना. म्हणून २१ डिसेंबरला गच्चीवर एक मीटरची काठी ओळंब्याने उभी केली, कुंडीत रोवून. सव्वाबाराच्या सुमारास सावली मोजली तर जवळजवळ मीटरभरच, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर कमी. आईला पण बोलावून दाखवलं. त्या क्षणाला मला ते अंगण समजलं, नकाशावर इतके दिवस काढत होते तरी समजलं नव्हतं. खाली येऊन अंगण १५ मीटर केलं. चारही निंब राहिले, एकाच्या बुंध्याभोवती गोल पार काढला आहे.

बाकी बदल असे. कॉम्प्युटर लॅब आणि सेमिनार हॉल मिळून एक घट्ट ब्लॉक, मधे कॉरिडॉर, आणि दार व्हरांड्यात. दोन्ही विंगच्या पश्चिम टोकाला जिना, टॉयलेट, डक्ट. मधले दोन पूल होते त्यातला एक काढला, डबल हाइट एंट्री लॉबी काढली, ती मला आवडत होती पण तिथे थांबायचं कारण कोणालाच नव्हतं. फॅकल्टीसमोरचा व्हरांडा २.१ वर आणला, वर्गांसमोरचा ३ तसाच. ६६ च्या वर्गाचं छत निम्मं पॅनलचं. व्हरांड्याकडच्या खिडक्या वर नेल्या, दारं आत ओढली. कूलरचा स्लॅब आणि नळ सेक्शनमधे दाखवला आणि ते बघून सर पहिल्यांदा खुर्ची पुढे ओढून बसले, म्हणाले हे कुठून आलं. मी सांगितलं साइटवरच्या एका दादांकडून.

सर्क्युलेशन आता ३३ आलं आहे. सरांचा पूर्ण होकार नाही, ते अजून २८ म्हणत आहेत. मी त्यांना दोन सेक्शन शेजारी शेजारी लावून दिले, एक २६ मेचा आणि एक २१ डिसेंबरचा, दोन्हीत दुपारची वेळ, उन्हाची रेघ लाल, आणि पोरं कुठे बसली आहेत ते हाताने काढलं. व्हरांड्यात "कॉरिडॉर" हा शब्द खोडून उन्हाळ्याची बैठक आणि हिवाळ्याची बैठक असं लिहिलं. सर बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, बाकांची रुंदी टाक, ४५ सेंटिमीटरवर पोरं बसतील पण डबा ठेवायला जागा कुठे. उद्या ६० करते आहे.

चाकावरची वारी ताई, रॅम्प उत्तरेकडे बघणाऱ्या व्हरांड्याच्या तोंडाशी घेतला, पूर्ण छपराखाली, जोतं ६० सेंटिमीटरवर आणलं म्हणजे उतार ७.२ मीटर झाला, आणि कठडा लाकडाचा धरला आहे. वळणावर तुमची खुर्ची फिरायला दीड बाय दीड मीटर ठेवलंय. शीटचा फोटो तुम्हाला मेसेजमधे टाकला आहे, ज्यूरीच्या आधी एकदा बघून सांगाल का कुठे अडतंय?